चिंतामणरावांच्या स्वभावावर एक्केचाळीस हरकती

या, असे पुढे सरकून बसा. त्या खांबाआडून काही दिसायचे नाही. कीर्तनाला अवकाश आहे; बुवा अजून पान लावताहेत आणि तबलजी शाईच्या नावाने कुरकुर करतो आहे. तेवढ्या वेळात आपल्या सांगलीचीच एक गोष्ट सांगून होईल. गोष्ट दोन वर्षांमागची आहे, बोधपर आहे, आणि तिच्यात एकही वाईट माणूस नाही. (हेच तिच्यातले वाईट आहे, असे आमच्या घरातून मत पडले. पण ते असो.)

मनुष्याचा स्वभाव ही त्याची एकट्याची मिळकत नव्हे. हे सत्य आपल्याकडे पूर्वापार चालत आलेले आहे. ते कागदावर यायला मात्र सन १९४४ उजाडावे लागले. लढाईमुळे त्या साली साखरेवर नियंत्रण होते, रॉकेलवर होते, धोतरजोडीवर होते. मग स्वभाव तेवढा मोकाट का? कोणीही सकाळी उठावे आणि कोणाला न विचारता चांगले व्हावे, ही गोष्ट शिस्तीच्या माणसाला खपणारी नव्हती.

आमच्या गावभागातले शिस्तीचे माणूस म्हणजे नानासो. तीस वर्षे जमीनमहसुलात कारकुनी करून ते पेन्शनीत निघाले. आयुष्यभर त्यांनी जमिनीचे फेरफार नोंदवले. घरी बसल्यावर त्यांच्या ध्यानात आले, की फेरफार करण्याजोगे जे जे आहे ते सगळे जमिनीतच आहे असे नाही. तेव्हा त्यांनी 'स्वभाव-पालट मंडळ, सांगली (शाखा सातारा)' काढले. गरज फार दिवसांची होती. लोकांनी ते डोक्यावर घेतले.

मंडळाची पद्धत काही परकी नव्हती. बांध हलवायचा असो, विहिरीतला वाटा बदलायचा असो, आपल्याकडे आधी नोटीस लागते: 'अमुक इसम अमुक बदल करू इच्छितो, कोणाची हरकत असल्यास तीस दिवसांत कळवावी.' नानासोंनी तीच नोटीस उचलली आणि सर्व्हे नंबराच्या जागी 'स्वभाव' लिहिले. अर्ज तीन प्रतींत. अर्जात मूळ स्वभाव, इच्छिलेला स्वभाव, आणि चतुःसीमा, म्हणजे या स्वभावाला चारी दिशांनी कोण कोण लागून आहे ते. एखाद्याच्या शेतातून लोक वर्षानुवर्षे गेले तर ती त्यांची वहिवाट होते आणि मालकाला मग तिथे कुंपण घालता येत नाही. तसेच एखाद्याच्या स्वभावातून लोक वर्षानुवर्षे जात-येत असतील, तर त्यानेही मध्येच कुंपण घालू नये, इतके हे साधे आहे.

पहिल्या दोन महिन्यांतच दोनशे बारा अर्ज आले. एकशे अठरा राग सोडण्याचे. एकसष्ट आळस सोडण्याचे (हे सगळे अर्जदारांच्या बायकांनी आणून दिले; अर्जदार यायला निघाले आहेत). बत्तीस चिक्कूपणा सोडण्याचे, ते पाठकोऱ्या कागदावर. आणि एक अर्ज विनोदी होण्याचा, साताऱ्याच्या एका हेडमास्तरांचा. तो हसण्यावारी न नेता फेटाळण्यात आला. निकाल फार समाधानकारक लागले. सातारा शाखेने 'शांत' म्हणून दाखला दिलेल्या एका गृहस्थांनी तो चौकटीत बसवला, आणि खिळा वाकडा ठोकल्याबद्दल सुताराला अशा शांतपणे समज दिली, की दोन आळ्यांतले लोक सोडवायला धावले.

अशा मंडळापुढे त्या साली ऐन गुढीपाडव्याला चिंतामणरावांचा अर्ज आला. मूळ स्वभाव: भिडस्त. इच्छिलेला स्वभाव: कणखर.

चिंतामणराव हळदीच्या एका पेढीवर कारकून. सबंध गावभागात त्यांच्याइतका गोड माणूस नाही, हे मी देवाच्या दारात बसून सांगतो. त्यांना 'नाही' म्हणता येत नसे. फारच अवघड मागणी आली तर ते 'बघू' म्हणत. आता तुम्ही-आम्ही 'बघू' म्हटले की समोरचा समजतो, झाले, दुसरे दार गाठावे. चिंतामणरावांनी 'बघू' म्हटले की समोरचा निश्चिंत होऊन घरी जाऊन झोपे.

तर त्यांच्या पेढीचे मालक भाऊसो. त्यांचा एक भाचा खंडाळ्याला, मधुकर नावाचा. वय बेचाळीस, बायको वारलेली. चिंतामणरावांची मुलगी चारुशीला सोळा वर्षांची. पोरगी हुशार, मराठी सातवीची परीक्षा पास होऊन ती इंग्रजी शिकत होती, आणि साताऱ्याला मामाकडे राहून मॅट्रिक व्हायचे तिच्या मनात होते. भाऊसोंनी एके दिवशी पेढीवर तिच्यासाठी भाच्याचा विषय काढला.

"चिंतामणराव, वय काय बघताय? दात बघा. सगळं जाग्यावर हायती."

चिंतामणराव म्हणाले, "बघू."

संध्याकाळपर्यंत गावभागात बातमी फिरली. अक्षय्य तृतीयेला साखरपुडा ठरला.

घरी उमाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, बातमी शेजारणीकडून ऐकली. रात्री त्यांनी सगळ्यांना नेहमीसारखे वाढले. सकाळी ताक घुसळताना म्हणाल्या, "एक शब्द तर आहे. आज पेढीवर गेलात की म्हणून टाका."

"अगं, असं एकदम तोंडावर? त्यांना काय वाटेल?"

"आणि चारूला काय वाटेल?"

"म्हणून तर रीतसर अर्ज करतो. मंडळाकडून स्वभाव बदलून आला, की मग मी नाही म्हटलं तरी ते मी म्हटलं असं होत नाही. मंडळानं म्हटलं असं होतं. कुणाचं मन मोडत नाही."

उमाबाईंनी रवी थांबवली, नवऱ्याकडे पाहिले आणि पुन्हा घुसळू लागल्या.

नोटीस आपल्या याच मारुतीच्या देवळाच्या भिंतीवर लागली. मुदत संपायच्या दिवशी सुनावणी, आणि दुसऱ्या दिवशी अक्षय्य तृतीया. वेळेचे गणित नेमके जमले होते. एखाददुसरी हरकत येईल, असा नानासोंचा अंदाज होता. सतरा तर पहिल्याच आठवड्यात आल्या आणि मुदतीअखेर आकडा एक्केचाळीसवर गेला. गावभागाच्या इतिहासात एका माणसावर इतके प्रेम कधी व्यक्त झाले नव्हते.

भाऊसोंनी लिहिले की अर्जदार अठरा वर्षे पेढीवर दिवेलागणीनंतरही बसतात, हा पेढीचा हक्क आहे. माधवनगरच्या गिरणीतले चुलतभाऊ हरी यांनी लिहिले की दर उन्हाळ्यात आपली चार मुले अर्जदाराकडे असतात, व चारांची पाच होणार असल्याने ही वेळ स्वभाव बदलण्याची नव्हे. शेजारच्या धोंडुबाई लिहिणाऱ्या नव्हेत. त्यांनी तोंडी सांगितले. "माझा ज्ञानू लढाईवर. त्याचं कागद मी चिंतामणरावांकडनं वाचून घेते. एक कागद तीनतीनदा वाचून घेते. उद्या हे पुरे म्हणाले, तर मी त्या कागदाचं काय करू?" हे ऐकून लिहिणाऱ्याचीही लेखणी थांबली.

एक हरकत आम्हा चौदा भाविकांची होती. ती निव्वळ पारमार्थिक होती. कीर्तनाच्या दिवशी या सभामंडपात सतरंज्या कोण घालतो? चिंतामणराव. बत्तीसाठी रॉकेल कुठून कुठून मिळवून कोण आणतो? तेच. आख्यान रंगले, आरती झाली, कपाळाला बुक्का लावून आपण डोळे पुसत घरी निघालो, की मागे त्या सतरंज्या झटकून घड्या कोण घालतो? तेव्हा माणूस कणखर झाला, तर नामस्मरणाचे काय होणार, हा प्रश्न होता. आम्ही सह्या केल्या त्या दिवशी योगायोगाने बुवांनी वाटमाऱ्याचा साधू होतो ते आख्यान लावले होते. एका क्षणात पालटतो हो माणूस! काय ती चाल, काय तो आवाज! आमच्या अंगावर काटा आला. (त्या काळी हरकती मागवण्याची सोय नव्हती, म्हणून ते जमले.)

सुनावणीला हा मंडप भरला होता. नानासो गाभाऱ्याला पाठ नको म्हणून तिरके बसले. पुढ्यात नोंदवही. प्रत्येकाला एकच प्रश्न: "वहिवाट किती वर्षांची?" कोणी म्हणे दहा, कोणी म्हणे बारा. नोंदी होत होत्या. चिंतामणराव मध्येच उठून लोकांना पाणी देत होते.

एक्केचाळिसावा आटपाडीकडचा बिराप्पा. मेंढरेवाला माणूस, खांद्यावर घोंगडे, मंडपात आल्यावर जोडे कुठे काढावेत म्हणून तो दोनदा आत-बाहेर झाला.

"तुझी हरकत कसली?" नानासोंनी विचारले.

"आवं, मी घोंगडी घिऊन हितं बाजाराला येतो, तवा ह्यांच्याच वसरीला पडतो. घोंगडी बी तितं, मी बी तितं, दोन वक्ताची भाकरी बी तितंच. पंदरा वर्सं झाली. वैनी कवा तोंड वाकडं करत न्हाईत."

"वहिवाट सिद्ध आहे. पुढे."

बिराप्पा पुढे गेला नाही. "सायेब, येक इचारू? ह्यो देवमानूस बदलाया का निगालाय म्हनायचा?"

हा प्रश्न एक्केचाळीस हरकतींत पहिल्यांदाच निघत होता. आमची त्यात काही चूक नव्हती; अर्जाच्या नमुन्यात 'कारण' असा रकानाच नव्हता.

चिंतामणराव हातात तांब्या घेऊन उभे होते. ते तांब्याकडेच बघून बोलले. "चारूचं ठरतंय. भाऊसोंच्या भाच्याशी. तिच्या मनात नाही. मला... नाही म्हणायचं आहे."

सगळ्यांनी भाऊसोंकडे पाहिले. भाऊसो शांतपणे म्हणाले, "म्हणायचं हाय म्हंजे अजून म्हटल्यालं न्हाई."

"बरोबर," नानासो म्हणाले. "परवानगीपूर्वी उच्चारलेला नकार ग्राह्य धरता येत नाही."

बिराप्पाने घोंगडे एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर घेतले. "पोरीपायी व्हय? मग माजं नाव काडा की. मी पडंन धर्मशाळंत. मला काय, वर आभाळ असलं तरी झोप लागती."

"असं काढता येत नाही. हरकत मागे घेणं हाही बदलच झाला. त्याची नोटीस काढावी लागेल. तीस दिवस."

"आवं, पर सुपारी उद्या फुटती!"

"ते या मंडळाच्या कक्षेत येत नाही."

"मग काय येतंय कक्षंत?" बिराप्पाने विचारले, आणि त्याला कोणीतरी हाताला धरून बसवले.

त्या अडाणी माणसाच्या अंतःकरणातला भाव पाहून आम्हा चौदाही जणांचे डोळे भरून आले. शेजारच्याने तर मोठ्याने रामनाम घेतले. आमची हरकत आम्ही मागे घेतली नाही, कारण ती व्यक्तिगत नव्हती, सार्वजनिक होती. आणि बिराप्पाचे आताच पाहिलेत, ती तशी मागे घेताही येत नव्हती. नियमाचा हा केवढा आधार असतो!

निकाल तासाभरात झाला. तो मला पाठ आहे. 'अर्जदारास कणखर होण्यास अंशतः मंजुरी देण्यात येते. अर्जदाराने रविवारी सकाळी साडेआठ ते नऊ या वेळेत नकार द्यावा. हरकतदार, त्यांचे वारस, पाहुणे व गुरेढोरे यांस नकार देऊ नये. अनोळखी इसमास नकार देण्यास प्रत्यवाय नाही, मात्र त्याने काही मागितलेले नसावे.' यावर चिंतामणरावांना विचारले, निकाल मान्य आहे का? ते म्हणाले, "बघू." तशी नोंद झाली.

अक्षय्य तृतीया त्या साली मंगळवारी आली.

चिंतामणरावांच्या ओसरीवर सतरंज्या घातलेल्या होत्या. (कोणी घातल्या, हे सांगायला नको.) खंडाळ्याची मंडळी येऊन बसली. नवरदेव मधुकर भला माणूस होता. मिशीला काळे लावून आला होता आणि उन्हाने ते ओठावर उतरू नये म्हणून सारखा रुमाल धरून होता. नानासो होते, धोंडुबाई होत्या, आम्ही चौदा तर होतोच. बिराप्पा अंगणात पेरूच्या झाडाखाली पाठ करून बसला होता. आतल्या खोलीत चारुशीलेला कोणीतरी साडी नेसवत होते. मधूनमधून तिचे नाक ओढल्याचा आवाज येई आणि बायका म्हणत, होतं असं, होतं असं.

भाऊसोंनी घसा साफ केला. "काय चिंतामणराव, करायची सुरुवात?"

चिंतामणरावांनी तोंड उघडले. ओठ हलले. माझी शपथ, मला पहिले अक्षर दिसले, 'न' होता तो. मग त्यांनी मालकाकडे पाहिले, चुलतभावाकडे पाहिले, आमच्याकडे पाहिले, आणि म्हणाले, "बघू."

"झालं तर! आणा साखर."

उमाबाई साखरेचे ताट घेऊन बाहेर आल्या. रेशनची साखर होती, महिनाभर घरातल्यांनी गुळाचा चहा पिऊन साठवलेली. त्यांनी ते ताट पाटावर ठेवले नाही. हातातच धरून उभ्या राहिल्या.

"भाऊसो, हे लग्न होणार नाही."

आवाज चढा नव्हता. एखादी बाई 'दूध नासलं' म्हणून सांगते, तसा होता.

"वैनी, तुमी आत व्हा. चिंतामणराव बोलतील."

"ते नाही बोलणार. मी बोलले. नाही म्हणजे नाही. पोरगी साताऱ्याला शिकायला जाईल. तुम्ही सगळे जेवून जा, पानं मांडलीत."

मधुकररावांचा रुमाल खाली आला. भाऊसो उठून उभे राहिले. "आवं, तुमी अशा नव्हता वैनी!"

"मग कशी होते?" उमाबाईंनी विचारले. "सांगा बघू. मी कशी होते?"

भाऊसोंनी आमच्याकडे पाहिले. आम्ही नानासोंकडे पाहिले. नानासो जिथे जातील तिथे नोंदवही नेत. त्यांनी ती मांडीवर उघडून पाने उलटली. चिंतामणरावांचे पान होते, एक्केचाळीस हरकतींची पुरवणी जोडलेले. उमाबाईंच्या नावचे पान नव्हते.

"कोणी सांगू शकेल का," नानासोंनी विचारले, "की या बाईंचा मूळ स्वभाव काय होता?"

पंधरा-पंधरा वर्षे त्या ओसरीवर जेवलेली माणसे आम्ही. एकमेकांची तोंडे बघत राहिलो. शेवटी धोंडुबाई म्हणाल्या, "चांगली होती."

"चांगली म्हणजे?"

धोंडुबाईंनी विचार केला. "म्हणजे... होती."

चिंतामणरावांनाही विचारले. ते बायकोकडे असे पाहू लागले, की जणू ओसरीवर कोणी पाहुणी आली आहे आणि तिचे नाव विचारायचे राहून गेले आहे.

नानासोंनी वही मिटली. मूळ स्वभावाची नोंद नाही, सबब बदल झाला हे सिद्ध होत नाही. आणि बदलच सिद्ध होत नाही, तर हरकत घ्यायची कशावर? कायदा लंगडा पडला. खंडाळ्याची मंडळी दुपारच्या मोटारीने परतली. जेवायला फक्त बिराप्पा थांबला.

पुढचे थोडे आहे. चारुशीला साताऱ्याला गेली. यंदा मॅट्रिकला बसते आहे. चिंतामणरावांना कामावरून काढावे असे भाऊसोंच्या मनात आले होते. पण दिवेलागणीनंतर बसणारा दुसरा कारकून कुठला मिळायला? मंडळाने 'अंशतः कणखर' असा दाखला त्यांच्या घरी पोचवला. त्यांना तो नको होता, पण आणून देणाऱ्याला तसे म्हणवले नाही. बिराप्पा अजून येतो. आता घोंगडी खाली टाकण्याआधी अंगणातूनच विचारतो, "वैनी, चालंल न्हवं?" कधी त्या हो म्हणतात, कधी नाही म्हणतात. नाही म्हटले की तो धर्मशाळेत जातो, आणि पुढच्या बाजाराला पुन्हा विचारतो. त्यात काही बिघडल्याचे आढळलेले नाही.

नानासोंनी मात्र या प्रकाराचा धसका घेतला. अशी नोंद नसलेली माणसे घरोघर असतील आणि एकेक करून सकाळी उठून बोलू लागतील, तर राज्य चालायचे कसे? म्हणून मंडळाने यंदा घरोघर एक कागद वाटला: 'घरातील स्त्रीचा मूळ स्वभाव (यजमानांनी स्वहस्ते लिहावा).' तीन ओळींची जागा आहे. तीन महिने झाले. सबंध गावभागातून एकही कागद भरून आलेला नाही. मी 'चांगली' एवढे लिहिले, आणि पुढे काय लिहावे म्हणून टाक कानावर ठेवून बसलो तो अजून बसलोच आहे.

तुमच्याही घरी तो कागद आला असेल. फळीवर कुठे ठेवला असेल तो पाहा. आणि माझी हात जोडून एवढीच विनंती: आता नामाचा गजर सुरू झाला, टाळी लागली, डोळे मिटले, की देवाची आठवण तुम्ही करालच, पण त्यातला एक श्वास, तुम्ही इथे येताना जिने तुमच्यासाठी भाकरी झाकून ठेवली आणि जिला तुम्ही 'अगं' म्हणून हाक मारता, तिची आठवण करा. निदान नाव आठवतेय का तेवढे बघा. नाव आठवले तर मला खूण करा. स्वभावाचा रकाना, 'मी कशी होते?' असे तिनेच विचारीपर्यंत, रिकामा राहिला तरी चालतो.